पैज आणि व्रत

गेल्या माघ महिन्यांत आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांकडे सहज गेलों असतां त्यांनीं आपल्या नातवाचें बॉस्टनहून आलेलें पत्र आमच्या हातीं दिलें. नातू तिकडे नोकरीस असून त्यानें येत्या ऑगस्टच्या आरंभीं सायकलवरून दोन दिवसांत सुमारें १९० मैल जाण्याचें ठरविलें होतें. हा प्रवास कर्करोगाच्या संशोधनाकरितां निधि जमविण्यासाठीं असून, आप्तेष्टांनीं त्यास यथाशक्ति मदत करावी, अशी त्याची विनंति होती. पत्राच्या शेवटीं त्यानें प्रांजळपणें लिहिलें होतें कीं, आजवर एका दमांत आपण पंधरा मैलांपलीकडे कधीं गेलों नाहीं. आतां सराव सुरू करीत आहें.

पत्र वाचून आम्हीं वर पाहतांच म्हातारबुवा हंसून म्हणाले, “काय? आहे कीं नाहीं गंमत? सायकल हा चालविणार, समुद्रकांठची हवा हा खाणार आणि पैसे आम्हीं द्यावयाचे! रोग्यांना द्यावयाचे तर आम्ही परभारें देऊं. मध्यें ही सायकल कशाला?”

प्रश्न विनोदानें विचारलेला होता, पण विनोदावारीं नेण्यासारखा नव्हता. परोपकारासाठीं मैलोगणती सायकल चालविणारे लोक आज युरोप-अमेरिकेंत लाखांनीं मोजावे लागतील, आणि आपल्याकडेही ही प्रथा रुजूं लागली आहे. तेव्हां एकाच्या श्रमासाठीं दुसऱ्यानें खिशांत हात घालावा, यांत न्याय तो कोणता? याचें उत्तर सायकलीच्या इतिहासांतच शोधावें, असें आम्हांस वाटलें. माणसाच्या पायांना पैसे बांधण्याची चाल कांहीं आजची नव्हे. मात्र ते ज्या गांठीनें बांधले जातात, त्या गांठींत गेल्या दीडशें वर्षांत मोठा पालट झालेला आहे. आरंभीं ती गांठ पैजेची होती. आज ती व्रताची होऊं पाहत आहे. हा पालट कसा घडला, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

१२ जून १८१७ रोजीं कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थानें मानहाइम शहरांतून निघून आपलें दोन चाकांचें लांकडी वाहन पायांनीं जमीन रेटीत चालविलें आणि तासाभराच्या आंत सुमारें १३ किलोमीटरांची मजल मारली. सायकलीच्या वंशावळींतला हा मूळ पुरुष. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या कारागिरांनीं पुढल्या चाकास पॅडल जोडलें, आणि पायांचा जमिनीशीं संबंध सुटला. तो सुटतांच माणसाच्या मनांत पहिला प्रश्न आला तो हा कीं, आतां आपण किती दूर जाऊं शकूं? ७ नोव्हेंबर १८६९ रोजीं पॅरिसहून रूआंपर्यंत १२३ किलोमीटरांची शर्यत झाली. शंभराहून अधिक लोक निघाले. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशच ठरल्या वेळांत पोंचले. पहिला आलेला जेम्स मूर यास साडेदहा तासांहून अधिक वेळ लागला. लांकडी चाकांना लोखंडी वा भरीव रबराची धांव, खडबडीत रस्ते आणि पावसाळी हवा यांचा विचार केला म्हणजे हें अंतर त्या काळीं किती मोठें होतें याची कल्पना येते. पोंचलेल्यांत ‘मिस अमेरिका’ असें टोपण नांव घेतलेली एक स्त्रीही होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दूर जाण्याचें हें कौतुक लवकरच बाजारांत आलें. फेब्रुवारी १८७८ मध्यें लंडनच्या इझ्लिंग्टन भागांतील एका प्रचंड सभागृहांत डेव्हिड स्टॅन्टन या धंदेवाईक सायकलस्वारानें सहा दिवसांत १००० मैल जाण्याची १०० पौंडांची पैज घेतली आणि प्रत्यक्ष ७३ तास सायकल चालवून ती जिंकली. सहाच दिवस कां, तर सातवा दिवस रविवार. त्या दिवशीं खेळतमाशे निषिद्ध. या पैजेंतून ‘सहा दिवसांच्या शर्यती’ निघाल्या. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्या होऊं लागल्या. वर्तुळाकार मार्गावर माणसें अहोरात्र फिरत. झोंप जितकी कमी, तितके मैल अधिक. पांचव्या-सहाव्या दिवशीं कित्येकांना भास होऊं लागत, कोणी सायकलवरून कोसळत, आणि हें पाहण्यासाठींच अधिक गर्दी जमे. अखेर १८९८ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून एका माणसानें दिवसांत १२ तासांपेक्षां अधिक शर्यत करूं नये असें ठरविलें. तेव्हां चालकांनीं दोघादोघांच्या जोड्या करून शर्यत चोवीस तास चालूच ठेवली! पळवाट कोठें नसते?

या प्रकारांत पैसा आणि श्रम यांचें नातें कसें होतें, तें नीट पाहिलें पाहिजे. प्रेक्षकाचा पैसा स्वाराच्या अनिश्चिततेवर लागलेला होता. तो पोंचेल कीं पडेल, हा संशय हेंच त्या पैशाचें मूळ. संशय संपला कीं पैजही संपली. अशा व्यवहारांत स्वाराचें हाल होणें हा अपघात नसून विकावयाचा मालच असतो.

परंतु याच सुमारास दुसरा एक प्रवाह शांतपणें वाहूं लागला होता. १८९७ च्या जून महिन्यांत १२ इटालियन सायकलस्वार रोमहून निघाले ते सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळांत २३० किलोमीटर तोडून नेपल्सला पोंचण्यासाठीं. यांत पहिला, दुसरा असा क्रम नव्हता. सर्वांनीं बरोबर निघावें, ठरल्या वेळांत पोंचावें, एवढाच नेम. त्यांच्या या प्रयत्नास ‘साहसी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘ऑडॅक्स’ असें नांव पडलें आणि त्याच नांवानें पुढें फ्रान्समध्यें व इतरत्र मंडळें निघाली. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, या सुमारें १२०० किलोमीटरांच्या मार्गाची कथाही अशीच उद्बोधक आहे. १८९१ सालीं एका वृत्तपत्रानें ती शर्यत भरविली, तेव्हां शार्ल तेराँ हा झोंप न घेतां सुमारें ७१ तासांत परत येऊन पहिला ठरला. आज याच मार्गावर दर चार वर्षांनीं सामान्य हौशी माणसें जातात. त्यांना ९० तासांपर्यंत सवड असते. आणि पहिल्या क्रमांकाचें बक्षीस कोणासच नसतें. शर्यतीचा मार्ग तोच राहिला. त्यावरून जाणारा माणूस मात्र बदलला.

हा बदल घडवून आणणाऱ्यांत सेंतेत्येन गांवचा एक रेशमाचा व्यापारी अग्रगण्य मानिला पाहिजे. त्याचें नांव पॉल द विव्ही (१८५३–१९३०); पण लोक त्यास ‘व्हेलोसियो’ या टोपण नांवानेंच ओळखीत. १८८७ मध्यें त्यानें सायकलविषयक एक नियतकालिक काढलें आणि पुढें व्यापार सोडून सारा जन्म त्याच कार्यास वाहिला. तो शाकाहारी होता. डोंगराळ प्रदेशांत राहणारा होता. चढणीवर एकाच गियरनें पाय मोडून घेण्यापेक्षां गियर बदलण्याची सोय असावी, असें तो हट्टानें सांगे. शर्यतवाल्यांना हें दुर्बळाचें लक्षण वाटे. ‘तूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविण्याच्या युक्तीस १९३७ पर्यंत परवानगी नव्हती, यावरून हा दुराग्रह किती खोल होता तें कळेल.

दूरच्या प्रवासास निघणाऱ्यासाठीं व्हेलोसियोनें सात नियम सांगून ठेविले आहेत. त्यांचें तात्पर्य असें: विसांवे थोडे आणि आटोपशीर घ्यावे. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि तेंही थोडें थोडें. अन्न नकोसें व्हावें वा झोंप उडावी इतका शीण होऊं देऊं नये. थंडी वाजण्यापूर्वीं अंगावर वस्त्र घ्यावें, उकडण्यापूर्वीं उतरवावें. प्रवासांत मद्य, मांस व तंबाखू यांपासून दूर राहावें. विशेषतः पहिल्या कांहीं तासांत बळाचा अतिरेक करूं नये. आणि शेवटचा नियम, केवळ दिमाखासाठीं कधींही पॅडल मारूं नये. पहिले सहा नियम शरीराचे आहेत आणि सातवा मनाचा आहे. परंतु अनुभव असा कीं, सातवा मोडला कीं पहिले सहा आपोआप मोडतात. दुसरा कोणी पुढें गेला म्हणून जो ईर्ष्येनें त्याच्यामागें धांवतो, त्यास तहानेचें, थंडीचें वा थकव्याचें भान उरत नाहीं. पैजेपासून सुटण्याची वाट व्हेलोसियोनें येथें दाखविली, असें आम्ही समजतों.

या विचाराचा मुंबईशीं कांहीं संबंध आला कीं काय? सात नियम येथें कोणी वाचले होते असा आमचा दावा नाहीं. पण सामान्य माणसाच्या तयारीचें आणि चिकाटीचें एक ठळक उदाहरण मुंबईनेंच जगाला दिलें, हें विसरून चालणार नाहीं. एका वजन उचलणाऱ्या मंडळाचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैल तोडून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. हें सारें मिळून साडेचार वर्षांस थोडेसेंच कमी! त्यांच्या मागें तालमींत कमावलेलें शरीर होतें खरें. पण वजन एका क्षणांत उचलावें लागतें आणि इराणचें वाळवंट रोज थोडें थोडें ओलांडावें लागतें. एक बळाचें काम, दुसरें नेमाचें. साडेचार वर्षें पुरेल असें बळ कोणत्याच व्यायामशाळेंत तयार मिळत नाहीं. तें रस्त्यावर रोजच्या रोज मिळवावें लागतें. या तिघांचा प्रवास परोपकारार्थ नव्हता. तथापि त्यांच्यावर कोणी पैजही लाविलेली नव्हती. पैज आणि व्रत यांच्या मधली ही पायरी होय.

रोजच्या रोज मिळणारें हें बळ शरीरांत नेमकें कोठें सांठतें, हें कोडें १९६० नंतरच्या दशकांत उलगडूं लागलें. आणि त्यासही सायकलच उपयोगी पडली. १९६६ सालीं बेरिस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनीं स्वतःवरच एक प्रयोग केला. प्रयोगशाळेंतील एकाच जाग्यावरच्या सायकलीच्या दोन बाजूंस दोघे बसले. एकानें एका पायानें व दुसऱ्यानें एका पायानें पॅडल मारावयाचें, दुसरा पाय स्वस्थ ठेवावयाचा, असें दमेपर्यंत केलें. नंतर कांहीं दिवस भरपूर पिष्टमय अन्न खाऊन त्यांनीं दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे सुईनें काढलेले सूक्ष्म तुकडे तपासले. श्रमलेल्या पायांत शर्करेचा सांठा स्वस्थ पायापेक्षां सुमारें दुप्पट भरलेला आढळला. माणूस एक, अन्न एक, रक्त एक. पण ज्या पायानें कष्ट केले, त्यानेंच सांठविलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६७ मध्यें, अमेरिकेंतील जॉन होलोझी यानें उंदरांना कांहीं आठवडे नेमानें धांवावयास लावून दाखविलें कीं, त्यांच्या स्नायूंच्या पेशींतील इंधन जाळणारीं द्रव्यें जवळजवळ दुप्पट झालीं.

या दोन शोधांत दूर जाऊं इच्छिणाऱ्या नवख्याची सारी तालीम सांठवलेली आहे. पहिला शोध सांगतो कीं, शरीरांतील शर्करेची शिदोरी मर्यादित आहे. जोराच्या स्वारींत ती दोन-तीन तासांत सरत येते. म्हणूनच भूक लागण्यापूर्वीं खावें, हा व्हेलोसियोचा नियम. दुसरा सांगतो कीं, त्या शिदोरीवरच अवलंबून न राहतां चरबी जाळण्याचें सामर्थ्य पेशींस येऊं शकतें. पण तें एका रविवारच्या पराक्रमानें येत नाहीं, आठवडेच्या आठवडे केलेल्या मध्यम श्रमानें येतें. मध्यम म्हणजे किती? तर सायकल चालवितां चालवितां शेजाऱ्याशीं सबंध वाक्य बोलतां येईल इतके. आणि स्नायु वाढतो तो श्रमाच्या वेळीं नव्हे, तर नंतरच्या विश्रांतींत. तेव्हां विश्रांतीचा दिवस हा आळस नसून अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आतां दानाकडे वळूं. रुग्णालयांच्या मदतीसाठीं सायकलींच्या सजविलेल्या मिरवणुका इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघत असत. पण त्या मिरवणुकाच होत्या, प्रवास नव्हते. दूरचा प्रवास आणि दान यांची गांठ पक्की बसली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत. लंडनहून ब्रायटनपर्यंतची ५४ मैलांची सामुदायिक सायकलयात्रा १९७६ पासून सुरू झाली. १९८० पासून तिचा संबंध हृद्रोगाच्या संशोधनास साहाय्य करणाऱ्या एका संस्थेशीं जडला. या मार्गाच्या शेवटास, पाय थकल्यावर, डिचलिंग बीकन नांवाची उभी चढण येते. पुष्कळ लोक तेथें उतरून सायकल हातीं धरून चालतात, आणि त्याबद्दल कोणी कोणास हंसत नाहीं. पैजेच्या काळीं हें शक्य होतें काय?

त्याच १९८० सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत बिली स्टार या तरुणानें आपल्या ओळखीच्या माणसांना जमवून स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सुमारें २२० मैलांची यात्रा काढली. त्याची आई १९७४ मध्यें, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षीं, त्वचेच्या कर्करोगानें वारली होती. पहिल्या वर्षीं ३६ सायकलस्वार होते आणि बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठीं १०,२०० डॉलर्स जमले. ‘पॅन-मास चॅलेंज’ या नांवानें ती यात्रा पुढें दरवर्षीं निघत राहिली आणि तिनें आजवर जमविलेला निधि शंभर कोटि डॉलर्सच्या वर गेला आहे. आमच्या स्नेह्यांचा नातू जाणार आहे तो याच यात्रेस. तिचा एक नियम मोठा मार्मिक आहे: स्वारानें जी रक्कम जमविण्याचें कबूल केलें असेल ती न जमल्यास उरलेली त्यानें पदरची भरावी. म्हणजे येथें शब्द आधीं दिला जातो आणि पाय मागाहून हलतात.

परंतु दान आणि देखावा यांत अंतर थोडें असतें, हेंही या इतिहासानें दाखवून दिलें आहे. १९९४ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत सात दिवसांची एक यात्रा निघाली. ती एड्सच्या रोग्यांसाठीं होती आणि तींत ४७८ स्वार होते. तो काळ डोळ्यांपुढें आणावा. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. त्यापूर्वीं त्या रोगाचें निदान म्हणजे बहुधा मृत्यूची वार्ताच होती, आणि त्यांत लोकनिंदेची भर पडे. अशा वेळीं ज्यांनीं आयुष्यांत सायकल चालविली नव्हती अशीं माणसें आपल्या गेलेल्या मित्रांसाठीं महिनोन्महिने सराव करून पांचशेंहून अधिक मैल निघालीं. त्यांत स्वतः रोगग्रस्त असलेलेही कांहीं होते. त्यांच्या तालमीस कोण दिखाऊ म्हणेल?

तथापि ही यात्रा भरविणाऱ्या डॅन पॅलोटा यांच्या धंदेवाईक संस्थेवर पुढें टीका होऊं लागली कीं, जमलेल्या पैशाचा फार मोठा वांटा तंबू, भोजन, जाहिराती यांतच जातो. पॅलोटा यांचें म्हणणें असें कीं, मोठा निधि जमवावयाचा तर मोठा खर्च करावाच लागतो. दुकानदारास जें क्षम्य तें परोपकाऱ्यास निषिद्ध कां? या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण देणाऱ्यानें पैसा दिला तो रोग्याकडे पाहून. त्याचा विश्वास हीच या व्यवहाराची खरी ठेव. ती ठेव ढळली कीं आंकडे कितीही मोठे असोत, पाया खचतो. २००२ मध्यें ती संस्था बंद पडली, आणि ज्यांना निधि मिळे त्या दोन संस्थांनीं त्याच मार्गानें आपली स्वतंत्र यात्रा सुरू केली. तीही खर्च वाढत गेल्यानें व स्वार घटल्यानें जून २०२५ मध्यें शेवटची म्हणून निघाली. बॉस्टनच्या यात्रेनें २००७ पासून स्वारांनीं जमविलेला पैसा न् पैसा संशोधनास द्यावयाचा आणि यात्रेचा खर्च निराळ्या उत्पन्नांतून भागवावयाचा, असा शिरस्ता ठेविला. स्वाराच्या सरावाला जसा नेम हवा, तसाच भरविणाऱ्याच्या हिशेबालाही हवा. एक मोडला तर दुसऱ्याची शोभा राहत नाहीं.

आपल्याकडचेंही एक उदाहरण येथें सांगितलेंच पाहिजे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड आडवें ओलांडणारी सुमारें ३००० मैलांची शर्यत दोघांच्या पथकानें आळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. आदिवासींच्या दृष्टिरक्षणाचा हेतु त्यांनीं आपल्या पथकाच्या नांवांतच गुंफिला होता. दोघेही वैद्यकीचा व्यवसाय करणारे गृहस्थ. रोजचें काम सांभाळून त्यांनीं ही तयारी केली, हें विशेष.

आतां म्हातारबुवांच्या प्रश्नाचें उत्तर. मध्यें ही सायकल कशाला? आमच्या मतें सायकल ही साक्ष आहे. यात्रा दोन दिवसांची. पण ती करूं शकणारें शरीर घडविण्यास चार-पांच महिने लागतात, आणि खरें दान तें त्या महिन्यांत होतें. बॉस्टनची थंडी कडक; माघ-फाल्गुनांत तेथें रस्त्यांवर बर्फ असतें. म्हणून नातू आरंभीं घरांतच, जाग्यावर फिरणाऱ्या सायकलीवर सायंकाळीं तासभर घाम गाळीत असे. बर्फ वितळल्यावर तो बाहेर पडला. दर आठवड्यास मागच्यापेक्षां दशांशानेंच अधिक अंतर वाढवावें, असा प्रघात त्यानें पाळला. पहिल्या महिन्यांत बैठकीवर बसवेना. तेव्हां बैठकीची उंची तपासली, पॅडल खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील अशी केली, आणि दुखणें निम्मे झालें. हाताचीं बोटें बधिर होत; पकड सैल करावयास शिकला. एकदां दिमाखांत एका टोळक्याच्या मागें लागून चाळीस मैलांवर असा गळाला कीं, रस्त्याच्या कडेस बसून राहिला. त्या दिवशीं त्यानें न्याहरी केली नव्हती. दुसऱ्यांदा उन्हांत नुसतें पाणीच पाणी पिऊन मळमळूं लागलें. घामावाटें जाणारें मीठही भरून काढावें लागतें, हें तेव्हां कळलें. पंक्चर काढावयास तो घरच्या ओसरींत शिकला, मग अंधारांत शिकला. पुढच्याच्या आड राहिलें म्हणजे वारा कमी लागतो व श्रम वांचतात. पण खड्डा दिसतांच हात करून मागच्यास सांगण्याची जबाबदारीही येते, हें तो टोळीबरोबर जाऊन शिकला.

आतां तो शनिवार-रविवार लागोपाठ दूर जातो. कारण पहिल्या दिवशींचे शंभर मैल कोणीही रेटील, दुसऱ्या सकाळीं त्याच दुखऱ्या अंगानें पुन्हां सायकलवर बसणें हीच खरी परीक्षा. यात्रेपूर्वीं पूर्ण अंतर एकदां तोडून पाहण्याचा मोह होतो. पण जाणते म्हणतात, तीन चतुर्थांशापर्यंत जाऊन थांबावें आणि शेवटच्या आठवड्यांत हात आखडता घ्यावा. उरलेलें अंतर सोबत्यांच्या आधारानें सरतें.

हें सारें तो कोणासाठीं करतो? प्रकृति सुधारते, डोंगर-समुद्र दिसतात, हें खरें. तें नाकारण्यांत ढोंग होईल. पण पहांटेच्या काळोखांत ऊब सोडून उठतांना समुद्र दिसत नसतो. त्या वेळीं त्यास उठविते ती दिलेल्या शब्दाची आठवण. आजारी माणसाच्या शुश्रूषेंत जसे मोठे पराक्रम नसतात, वेळच्या वेळीं औषध, वेळच्या वेळीं पथ्य, कंटाळा न करतां केलेलीं तींच तीं कामें असतात, तशीच ही तालीमही आहे. रोग्याचे कष्ट सायकलस्वार वांटून घेऊं शकत नाहीं. तसा आव त्यानें आणूंही नये. पण रोज थोडें सोसण्याचा नेम तो स्वेच्छेनें पत्करतो, आणि त्या नेमाच्या जोरावर इतरांस म्हणतो, तुम्हीही थोडें सोसा. परभारें पाठविलेल्या पैशानें रोग्याचें काम भागेल. पण मागावयाचा अधिकार मात्र अशा नेमानेंच येतो.

हें सर्व आम्हीं म्हातारबुवांस सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें; मान्य केलें कीं नाहीं, कळलें नाहीं. मात्र गेल्या आठवड्यांत, ज्येष्ठाच्या आरंभीं, पुन्हां त्यांच्याकडे गेलों, तेव्हां भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत प्रत्येक रविवारच्या चौकोनांत पेन्सिलीनें आंकडे मांडलेले दिसले: १८, २२, २५, २५, ३०... मधल्या एका चौकोनांत आंकड्याऐवजीं ‘पडसें’ असें लिहिलें होतें. आम्हीं विचारलें, “देणगी केव्हां पाठविणार? पोंचल्याची बातमी आल्यावर?”

“छे!” ते म्हणाले, “ती तर केव्हांच पाठविली. वाट पाहावयास ती पैज थोडीच आहे?”